थेंबजोड

अहवालातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि एकाही ओळीखाली रेघ मारता आली नाही. कातळशिवच्या सड्यावरचं, त्या उघड्या कातळपठारावरचं डेटा सेंटर भर दुपारी बंद पडलं, हे खरं. तिथल्या केबलच्या जोडांमध्ये कुंकवाचे कण सापडले, हे खरं. ते कुंकू तंत्रज्ञ दिगंबर चौगुले यांनी खंडेनवमीच्या दिवशी लावलं, हेही खरं. निष्कर्ष एका ओळीचा होता: 'मानवी निष्काळजीपणा.' त्याखाली मृतांची नावं होती. चौथं नाव सुहासिनी गजानन भाटकर. ती माझी आई.

अहवाल पोस्टानं आला नाही. राजाध्यक्ष सर तो स्वतः घेऊन देवशेतच्या आमच्या घरी आले. ते आमच्या कंपनीचे तांत्रिक संचालक आणि मी त्यांच्या हाताखालची केबलिंग अभियंता. चपला बाहेर काढून ते आत आले, आईच्या फोटोसमोर मान झुकवून उभे राहिले आणि मग तिच्याच खुर्चीत बसले. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"चहा नको, तू बस," ते म्हणाले. "तू सुट्टीवर आहेस, मला त्रास द्यायचा नव्हता. पण कातळशिवच्या दालन दोनचं काम थांबलंय. केबलिंगच्या आराखड्यावर तुझी सही लागते."

"जोड कुठला?"

"तोच. थेंबजोड."

त्यांनी अहवालावर बोट ठेवलं. "आता प्रश्नच उरला नाही ना. जोडात दोष नव्हता. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, तिथे तू चार शब्द बोललीस तर फार बरं होईल. तू अभियंता आहेस आणि तू... म्हणजे तुझं नुकसान झालंय. तुझ्या शब्दाला वजन आहे."

"कुठले चार शब्द, सर?"

"हेच, की यंत्र निर्दोष होतं." त्यांनी घसा साफ केला. "आणि संचालक मंडळाच्या मनात आहे की नव्या दालनाला आईंचं नाव द्यावं. सुहासिनी दालन."

मी उठून पंख्याचा वेग वाढवला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"आईला तिचं नाव आवडायचं नाही," मी म्हणाले. "सुहासिनी असल्यावर माणसाला मोठ्यानं हसायची सोय नाही, असं म्हणायची."

ते हसले. मी विनोद केलाय असं त्यांना वाटलं असावं.

ज्या वस्तूवरून हे सगळं झालं ती बहुतेकांनी कधी पाहिलेली नसते, म्हणून थोडं सांगते. डेटा सेंटरमध्ये यंत्रं एकमेकांशी प्रकाशानं बोलतात. तो प्रकाश काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून जातो. फायबर केसाएवढं जाड असतं, पण प्रकाश जातो तो त्याच्या अगदी मधल्या भागातून, आणि तो भाग केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. दोन फायबर जोडायची तर या दोन बारीक टोकांनी एकमेकांकडे बरोबर पाहिलं पाहिजे. मध्ये धुळीचा एक कण आला तरी तो त्या प्रकाशाला रस्त्यात पडलेल्या दरडीसारखा असतो. आणि अशा जोडण्या एका दालनात लाखांनी असतात. एकेक फायबर जोडत बसणं अशक्य, म्हणून पुष्कळ फायबर एकाच जोडात ओळीनं बसवतात. तो जोड कुठला घ्यायचा हे ठरवणं माझं काम. बाहेरच्याला हे खिळे-चुका निवडण्यासारखं वाटतं. तुषारला, माझ्या धाकट्या भावाला, तसंच वाटायचं.

दालन एकमधले जुने जोड बदलायचं ठरलं, तेव्हा आमच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला जुना, सोळा फायबरचा. त्यात टोकं स्प्रिंगच्या दाबानं एकमेकांना चिकटतात. धूळ बसली तर लगेच कळतं, सूक्ष्मदर्शकातून दिसते आणि पेनसारख्या एका हत्यारानं टिक करून पुसता येते. दुसरा भिंगाचा. त्यात टोकं एकमेकांना शिवतच नाहीत. इवलीशी भिंगं प्रकाशाचा झोत रुंद करतात आणि समोरची भिंगं तो गोळा करतात. झोत रुंद असल्यामुळे एखादा कण आला तर थोडा प्रकाश अडतो, बाकीचा जातो. मात्र प्रत्येक जोडाशी थोडा उजेड वाया जातो, आणि जोड जरा ऐसपैस असतो.

तिसरा थेंबजोड. अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात शेकडो फायबर, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पारदर्शक, घट्टसर द्रवाचा एकच थेंब. हा द्रव प्रकाशाला काचेसारखाच वाकवतो, त्यामुळे काच कुठे संपली आणि द्रव कुठे सुरू झाला हे प्रकाशाला कळतच नाही. जोडताना थेंब आपोआप पसरतो, सगळ्या फटी भरतो. पुसायची गरज नाही, बघायची गरज नाही. यांत्रिक हात तो जोडतो, यांत्रिक हातच काढतो. शोध खरोखर सुंदर होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही भुरळ पडली.

"आणि धूळ?" मी तेव्हा कातळशिवच्या बैठकीच्या खोलीत विचारलं होतं.

पुरवठादाराचे त्रिवेदी म्हणून गृहस्थ आले होते. गोड बोलणारे. "मॅडम, धूळ थेंबात जाते आणि नाहीशी होते. आम्ही प्रमाणित धुळीवर चाचणी घेतलीये."

प्रमाणित धूळ म्हणजे कुठल्याशा वाळवंटातली दळलेली वाळू. वाळू म्हणजे मुळात काचच. तेलात काचेची कांडी बुडवली की ती दिसेनाशी होते, तशी ही वाळू त्या थेंबात दिसेनाशी होणारच. पण आमचा सडा जांभ्याचा. तिथली धूळ लाल, लोखंडानं भरलेली, प्रकाश अडवणारी. त्या धुळीवर चाचणी घ्या, असं मी म्हणाले. आणि तोवर भिंगाचा जोड घ्या.

"भिंगाचा जोड जागा खातो," राजाध्यक्ष सर म्हणाले. "तेवढ्या जागेत आणखी किती रॅक बसतील बघ. आणि धूळ येईल कुठून? आत माणसं नसणार." मग सगळ्यांकडे पाहून हसत म्हणाले, "नंदिताला कोकणची धूळ फारच प्रिय." सगळे हसले. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला आणि थेंबजोड निवडला गेला.

त्यानंतर जे झालं ते अगदी रीतसर झालं. पुसायचं नाही म्हटल्यावर पुसणारी टोळी बरखास्त झाली. चौगुले तिचे प्रमुख होते. दालनाच्या दारातल्या, पावलांची धूळ टिपणाऱ्या चिकट चटया उचलल्या गेल्या. चौगुल्यांच्या काळात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची ती दाराबाहेर, फक्त फुलांनी. हळदकुंकवाचा करंडा घेऊन कुणी आत निघालं तर चौगुले अंगावर धावून जायचे. आता चौगुले 'दालन सोबती' झाले. हे पद नेमकं कशाचं, ते कुणी सांगितलं नाही. आणि पहिल्याच खंडेनवमीला मनुष्यबळ विभागानं स्पर्धा लावली: यंत्रांच्या कपाटांची सर्वोत्तम सजवलेली रांग. पारंपरिक पोशाख अनिवार्य. पाणी नको म्हणून नारळ बाहेर फोडला. धुराचा अलार्म वाजेल म्हणून उदबत्ती लावली नाही. म्हणजे विचार केला होता. कुंकवाचा केला नाही, कारण थेंब सगळं नाहीसं करतो असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. चौगुल्यांनी आपल्या वाट्याच्या दोन्ही रांगांतल्या प्रत्येक पॅनेलवर पाच बोटं उठवली, एकही सोडलं नाही. त्यांच्या रांगांना पहिलं बक्षीस मिळालं. कॅसरोलचा सेट, राजाध्यक्ष सरांच्या हस्ते. फोटो अंतर्गत पत्रिकेत छापून आला.

पंख्यांच्या वाऱ्यानं ते कुंकू आठवडोन् आठवडे जोडांच्या झाकणांवर बसत राहिलं. झाकण बंद असेपर्यंत काही बिघडत नव्हतं. मार्गशीर्षातल्या एका दुपारी यांत्रिक हातानं नेहमीच्या फेरबदलासाठी एक जोड उघडला आणि पुन्हा लावला. एक कण आत गेला. कुंकू काच नव्हे. ते नाहीसं झालं नाही. प्रकाशानं तापलं, जळलं, त्याचा कोळसा झाला, आणि कोळसा तर सगळाच प्रकाश गिळतो. जुन्या जोडात एक फायबर गेलं असतं. इथे शेकडो फायबर एकाच थेंबात होती. थेंब जळत गेला. यंत्रणेनं शहाणपणानं सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेवर वळवायला घेतली, म्हणजे यांत्रिक हातानं दुसऱ्या रांगेतले जोड उघडले. त्यांच्या झाकणांवरही कुंकू होतं. यंत्रणा जितकी सावरायला गेली, तितके जोड उघडत गेले आणि तितके थेंब जळत गेले.

त्या जोडांमधून किनाऱ्यावरच्या तालुक्यांतले अतिदक्षता विभाग चालत. हे आता सर्रास आहे. खाटेवरच्या माणसाचा प्रत्येक श्वास दूरचं यंत्र वाचतं आणि क्षणोक्षणी हवेचा दाब, औषधाची धार कमीजास्त करतं. हे इतकं चांगलं चालतं की विभागात एकच परिचारिका पुरते. आईला न्यूमोनिया झाला होता आणि ती बरी होत होती. त्या दुपारी यंत्र तिचा कृत्रिम श्वास हळूहळू कमी करत होतं, तिच्या छातीला स्वतःचं काम परत देत होतं. नेमक्या त्या वेळी यंत्र गेलं. सगळ्या खाटांचे अलार्म एकदम वाजले. परिचारिका एक होती.

डॉ. शबाना मुजावर त्या विभागाच्या प्रमुख. त्यांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात दुसऱ्या कामावर होते. "मी पोचले तोवर उशीर झाला होता, नंदिता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला पोचावं लागलं, हीच गोष्ट चूक आहे."

तुषार देवशेतच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आईनं आम्हाला देवघराशिवाय वाढवलं. ती भूगोलाची शिक्षिका. ग्रहणात मुद्दाम भजी तळायची आणि शेजाऱ्यांना पाठवायची. तुषारनं तिचं हे सगळं घेतलं, फक्त भजी सोडून. अहवाल यायच्या आधीच त्यानं पोलिसांत चौगुल्यांविरुद्ध तक्रार दिली होती आणि वर्तमानपत्राला मुलाखत. मथळा होता: 'कुंकवानं घेतले बळी.'

राजाध्यक्ष सर गेल्यावर तो आला. मी त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि शेजारी आराखडा.

"मग कर ना सही," तो म्हणाला. "विज्ञान बरोबर होतं, माणूस मूर्ख होता."

"विज्ञान बरोबर होतं? ज्या धुळीवर चाचणी घेतली ती धूळ आपल्याकडे नाहीच."

"ताई, धुळीनं नाही झालं, कुंकवानं झालं. एका सुशिक्षित माणसानं प्रकाशाच्या यंत्राला कुंकू लावलं. आई असती तर तिनं काय केलं असतं सांग."

"चौगुल्यांना झापलं असतं. आणि मग विचारलं असतं की त्यांना आत सोडलं कुणी."

"तू कंपनीला दोष देतेस कारण तुझं त्यांनी ऐकलं नाही. तुला बरोबर ठरायचंय."

"हो. मला बरोबर ठरायचंय. मी बरोबर होते, तुष्या. मी बरोबर होते आणि आई गेली. मग आता बरोबर ठरायची लाज वाटायला हवी का मला?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये." मी खरंच ओरडत नव्हते. आमच्या घरात कुणी ओरडत नाही. "तू जिन्याच्या पायरीवर तेल सांडून ठेवलंस, 'इथे कुणी घसरत नाही' अशी पाटी लावलीस, आणि जो घसरला त्याच्यावर खटला भरलास. वर म्हणतोस, पाटी शास्त्रीय होती."

तो ताट तसंच टाकून उठला. दारात थांबून म्हणाला, "मला कुणीतरी हवंय, ताई. ज्यानं तो कण तिथे ठेवला तो माणूस मला माहीत आहे. तू म्हणतेस तो माणूस कोण, ते मला दिसतच नाही."

चौगुले जामिनावर सुटले होते. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ओट्यावर बसून मुलीच्या सायकलची चेन बसवत होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"या मॅडम. सही केली का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्या आईच्या नावाचं दालन होतंय, मला दोन वर्षं जेल होतेय. प्रत्येकाला काहीतरी मिळतंय." त्यांनी चेन खेचली, ती पुन्हा निसटली. "वकील म्हणतो, कुंकू लावलंच नाही म्हणून सांग."

"मग?"

"मग काय? बक्षीस घेताना दात काढून उभा आहे ना मी, फेटा बांधून."

"चौगुले, मी कंपनीकडून आलेली नाही."

"मग कुणाकडून आलात? भावाकडून? तो तर मला अडाणी म्हणतो पेपरात. आयटीआय केलंय मी, पहिल्या वर्गात." आता ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत नम्रता वगैरे काही नव्हती. "तुमची आई गेली, वाईट झालं. मी रोज म्हणतो, वाईट झालं. पण तुम्ही इथे कशाला आलात? मी रडावं म्हणून?"

"पूर्वी तुम्ही कुणाला आत कुंकू नेऊ देत नव्हता. त्या दिवशी का नेलंत, एवढंच विचारायला आले."

"पूर्वी ते माझं दालन होतं. काय चालेल, काय नाही, मला विचारायचे. मग म्हणाले, चौगुले, आता काळजी करू नका, याला काही होत नाही." त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. "नाही केली काळजी. सांगितलं तसं केलं. जा आता, मुलीचा क्लास आहे."

आतून त्यांची बायको ओरडली, "कोण आहे हो?" "कुणी नाही," चौगुले म्हणाले.

सुनावणी कातळशिवलाच, केंद्राच्या बैठकीच्या खोलीत होती. जिल्हा प्रशासनाचे एक अधिकारी अध्यक्षस्थानी होते. त्यांच्या बाजूला डॉ. मुजावर, आरोग्य विभागाच्या वतीनं दालन दोन स्वीकारायचं की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं. मृतांचे नातेवाईक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले होते. त्यांत तुषारही होता. तो माझ्याशी बोलत नव्हता. चौगुल्यांना बोलावलं नव्हतं.

त्रिवेदींनी टेबलावर दोन पेट्या मांडल्या होत्या, मध्ये एक थेंबजोड, आणि मागच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्यांची रांग. प्रत्येक पट्टी म्हणजे एक जिवंत फायबर. त्यांनी जोड हलवून दाखवला, वाकवून दाखवला, पेटीवर ठोसा मारून दाखवला. एकही पट्टी हलली नाही. नातेवाइकांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कौतुकानं मान हलवली.

"आमच्या केबलिंग अभियंता नंदिता भाटकर," राजाध्यक्ष सर म्हणाले. "त्यांच्या मातोश्री या दुर्घटनेत गेल्या. तरीही त्या आज इथे आल्या आहेत. यातच सगळं आलं."

मी उभी राहिले. घरून पाच पानं लिहून नेली होती. त्यांतलं काही बोलले नाही.

"त्रिवेदी साहेब, जोड उत्तम आहे. एकदा उघडा आणि पुन्हा लावा."

"आता?"

"हो. इथेच."

ते हसले. "मॅडम, उघडायचं काम यांत्रिक हात करतो. आणि ही काही स्वच्छ खोली नाही."

"इथे पूजा झालेली नाही. कुंकू नाही, हळद नाही. मी स्वतः सकाळी फरशी पुसून घेतली."

त्यांनी खाली पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. आम्ही सगळे बाहेरून सड्यावरून चालत आलो होतो. सकाळी पुसलेल्या पांढऱ्या फरशीवर दारापासून प्रत्येक खुर्चीपर्यंत लाल पावलं उमटली होती. अध्यक्षांची, नातेवाइकांची, त्रिवेदींची. सर्वांत ठळक राजाध्यक्ष सरांची, कारण ते दोनदा फोन घ्यायला बाहेर गेले होते.

"हा मुद्दा नाही," सर म्हणाले. "दालनात कडक शिस्त असते."

"दारातल्या चटया कुणी काढायला सांगितल्या, सर?"

"नंदिता, तू दुःखात आहेस, मी समजू शकतो."

"माझ्या दुःखाचं मी बघेन. त्रिवेदी साहेब, उघडताय ना?"

त्रिवेदींनी हात पेटीवर ठेवला, पण जोडाला लावला नाही. "हा प्रात्यक्षिकाचा नमुना आहे. खराब झाला तर..."

"कशानं खराब होईल?" हा आवाज मागून आला. तुषार उभा राहिला होता. वर्गात विचारावं तसं त्यानं विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. "तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, धूळ थेंबात नाहीशी होते. मग आता कशानं खराब होईल?"

"सर, थिअरी वेगळी आणि..."

"थिअरी मी शिकवतो. उघडा."

हिरव्या पट्ट्या पडद्यावर निश्चल होत्या.

"हे दालन माणसांनी आत जाण्यासाठी नाहीच," शेवटी त्रिवेदी म्हणाले. "आदर्श परिस्थितीत आत कुणी जात नाही."

"मग तो चौगुले आत काय करत होता?" तुषारनं राजाध्यक्षांकडे पाहिलं. "सांगा ना. त्याला कशाचा पगार देत होतात?"

"देखरेखीचा."

"कशाच्या देखरेखीचा? पुसायचं नाही, बघायचं नाही, उघडायचं नाही. काय काम होतं त्याला?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आपण पाच मिनिटं चहासाठी थांबू या," ते म्हणाले.

"थांबायची गरज नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "माझ्या खाटा या जोडावर जाणार नाहीत. अध्यक्ष महाशय, लिहून घ्या. भिंगाचा असो, जुना असो, मला त्यातलं कळत नाही. पण जो माणसाला उघडून बघता येतो, तोच हवा. जागा कमी पडली तर दुसरं दालन बांधा."

त्या दिवशी थेंबजोड दालन दोनमधून गेला. राजाध्यक्ष सरांनी तो निर्णय फार सभ्यपणे मान्य केला, जणू त्यांनीच सुचवला होता. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चांगलं मांडलंस. फक्त आधी मला सांगायला हवं होतंस." मी त्यांच्याकडे पाहिलं. आधी. दोन वर्षं आधी, त्याच टेबलाशी, तोंडानं आणि लेखी, मी सांगितलं होतं. त्यांना ते आठवत नव्हतं, आणि हे ढोंग नव्हतं. ते खरोखर विसरले होते. मला वाटतं, आजवर मला कशाचाच इतका राग आलेला नाही.

अहवाल मात्र तसाच राहिला. दालन दोनचा जोड बदलला, म्हणून दालन एकचा अपराधी बदलत नाही, असं कायदा विभागानं कळवलं. चौगुल्यांवरचा खटला चालू राहणार होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि तुषार पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार एक मध्यमवयीन बाई होत्या. नावाची पट्टी म्हणत होती: शेलार.

"तक्रार मागे घ्यायचीय," तुषार म्हणाला.

"भाजी आहे का ती, परत करायला?" शेलारबाई म्हणाल्या. "तक्रार मागे घेता येत नाही. पुरवणी जबाब देता येतो. द्यायचाय?"

"द्यायचाय."

त्यांनी संगणक स्वतःकडे वळवला. "बोला. चौगुले निर्दोष, असंच ना?"

तुषारनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग तो म्हणाला, "तसं मी कसं म्हणणार? कुंकू त्यानं लावलं. पण मी चुकीच्या माणसाचं नाव दिलं."

"मग बरोबर माणसाचं द्या."

"अविनाश मनोहर राजाध्यक्ष," मी म्हणाले.

बाईंनी दोन बोटांनी टाइप केलं. "घटनेच्या वेळी हे कुठे होते? दालनात?"

"नाही."

"हॉस्पिटलात?"

"नाही. बहुतेक मुंबईत, घरी जेवत असतील."

शेलारबाईंनी हात कीबोर्डवरून उचलले. "ताई, असा जबाब साहेब माझ्या तोंडावर फेकतील. माणूस तिथे नाही, हात लावला नाही, कुंकू लावलं नाही. मग केलं काय त्यानं?"

"एक वस्तू निवडली," तुषार म्हणाला. "ती वापरली तर काय होईल, ते त्याला विचारलं होतं. त्यानं हसण्यावारी नेलं."

"आणि जे पुसणारे होते त्यांना घरी पाठवलं," मी म्हणाले. "आमच्या आईनं त्या दुपारी श्वास सोडला, बाई, पण तो थांबवायचं काम दोन वर्षं आधीच झालं होतं. सह्यांनिशी. चहा-बिस्किटं घेत."

बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. शेलारबाईंनी पडद्यावरचं पान वर सरकवलं, जिथे पहिल्या तक्रारीत तुषारनं 'दालन क्रमांक एक, कातळशिव' असं लिहून दिलं होतं.

"मग हे बदलावं लागेल," त्या म्हणाल्या. "घटनास्थळ काय लिहू?"

"बैठकीची खोली," मी म्हणाले.